घोटून घेतलेली उत्तरं

मी क्वालिटीत आहे. चाकणला, ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत, तेरा वर्षं झाली. लोकांना वाटतं क्वालिटी म्हणजे भिंग लावून माल तपासायचा. तपासतो की, तेही करतो. पण आमची खरी परीक्षा ऑडिटच्या दिवशी असते. गाड्या बनवणाऱ्या मोठ्या कंपनीचा माणूस येतो, आणि तो माल कमी बघतो, माणसांना प्रश्न जास्त विचारतो. मशीनवरच्या ऑपरेटरला गाठून गोड आवाजात म्हणतो, "भाऊ, पार्ट खराब निघाला तर तुम्ही काय करता?" तिथं तो "बाजूला टाकतो" म्हणाला की संपलं. "लाल ट्रेमध्ये ठेवतो, टॅग लावतो, सुपरवायझरला कळवतो," असं ओळीनं आलं पाहिजे. ते आपोआप येत नाही. म्हणून आदल्या आठवड्यात मी एकेकाला समोर बसवते आणि घोटून घेते. "मी ऑडिटर. बोला." चुकलं की परत पहिल्यापासून. माझ्या लाइनवर आजपर्यंत एकदाही शेरा आलेला नाही. साहेब म्हणतात, रश्मी मॅडम दगडालाही पास करून आणतील.

आणि ती चेकशीट. दर दोन तासांनी माप घ्यायचं आणि रकान्यात लिहायचं असतं. लिहितं कोण? शिफ्ट संपताना वरून खालपर्यंत एका दमात ओके, ओके, ओके. मीही लिहिलंय. तोंड वाकडं करू नका, मी काही एकटी नाही.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढं मी जे केलं ते कुठून शिकले ते कळावं. मी माझ्या बापाला ऑडिट पास करून दिलं.

माझे वडील कोंडीराम. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. मूळ गाव राजगुरुनगरच्या अलीकडे. पण सगळी हयात भोसरीच्या एमआयडीसीत गेली, एका वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं लेथवर. आई, कस्तुरा, शाळेची पायरी चढलेली नाही, पण घर तिनंच चालवलं. दोघं भोसरीत तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही. मी लग्नानंतर पुनावळ्याला. मुलगी एकुलती, म्हणून सगळं माझ्या अंगावर, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. आपल्यावाचून कुणाचं अडतं, हे कुणाला नको असतं?

दीड वर्षापूर्वी अण्णांचं विसरणं सुरू झालं. म्हणजे आमच्या लक्षात तेव्हा आलं. आधी शब्द सापडेनात. मग एकच गोष्ट चार वेळा विचारायला लागले. मग एका सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, हातात डबा घेऊन बसस्टॉपवर उभे राहिले, वर्कशॉपला जायला. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती. त्यांच्या बरोबरच्या ज्योतीरामकाकांनी त्यांना ओळखलं आणि हाताला धरून घरी आणलं. काका जिन्यातच मला फोनवर म्हणाले, "पोरी, कोंड्याचं काही खरं नाही गं." मला त्यांचाच राग आला.

एक गोष्ट मात्र पक्की होती. आईचं नाव. दिवसातून पन्नास वेळा हाक. कस्तुरा, चष्मा कुठंय. कस्तुरा, आज वार कोणता. कस्तुरा, ती पोरगी कोण आली होती? पोरगी म्हणजे शेजाऱ्यांची मुलगी मैत्री, तिला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलंय. काय विचारायचं ते विसरायचे, पण हाक विसरायचे नाहीत. नुसतंच "कस्तुरा" म्हणून गप्प बसायचे. आई वैतागल्यासारखं करायची. "ह्या मानसानं माजं नाव झिजवलं," म्हणायची. पण पदर नीट करत लगेच जायची. ते नाव होतं तोवर तिला बाकी कशाची भीती वाटत नव्हती.

मी अण्णांना पिंपरीत मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी घड्याळ काढायला सांगितलं, शंभरातून सात सात वजा करायला लावले. शेवटी मला म्हणाले, "सुरुवात आहे. ही गोळी रोज चालू ठेवा, खंड पाडू नका. आणि ताई, पुढं कुठल्याही कारणानं दवाखान्यात जायची वेळ आली, विशेषतः ऑपरेशनची, तर हे आधी सांगायचं." मी "हो हो" म्हटलं. आम्ही घरात त्या गोळीला 'विसरायची गोळी' म्हणायचो आणि हसायचो. बाहेर कुणाला पत्ता लागू दिला नाही. मला लाज वाटत होती, स्पष्टच सांगते. विहारात रविवारी पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवणारा माणूस. वस्तीत कुणाला अर्ज लिहायचा झाला तर कोंडीरामकडे चला म्हणायचे. त्या माणसाला येड लागलंय असं चार बायका नळावर बोलणार, हे मला सहन होणार नव्हतं.

गुडघ्याचं दुखणं त्याच्याही आधीचं. डावा गुडघा पार घासला होता. तीन जिने उतरायचे म्हणजे अर्धा तास. शेवटी शेवटी अण्णा उतरायचेच बंद झाले. गॅलरीत खुर्ची टाकून खालच्या कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांकडे बघत बसायचे. "खाली जाऊन बसता आलं पायजे, एवढंच," म्हणायचे. चिंचवडच्या एका हॉस्पिटलात हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, वाटी बदलू, काका पळतील. मला दोन ऑडिटच्या मधली दहा दिवसांची सुट्टी मिळाली, तीही साहेबांच्या नाकदुऱ्या काढून. तारीख ठरली मंगळवार. अट एकच, आधी गुरुवारी भुलीच्या डॉक्टरांकडून फिटनेस घ्यायचा.

इथं माझं डोकं फिरलं. माझा नवरा संघर्ष, त्याच्या मित्राच्या आईचं ऑपरेशन असंच ठरलं होतं. कुणीतरी म्हणालं म्हातारीला भास होतात, की झालं, डोक्याचे रिपोर्ट आणा, हे आणा, ते आणा. तीन महिने लांबलं. माझ्याकडे तीन महिने कुठले? पुढचं ऑडिट, मग दिवाळीचं प्रॉडक्शन. मी ठरवून टाकलं की सांगायचं नाही. संघर्ष म्हणाला, "अगं सांगून टाक ना. डॉक्टर काय खातात का?" मी म्हटलं, "तू तुझ्या आईचं बघ, माझ्या बापाचं मी बघते." त्या दिवशी तो भांडला असता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. पण माझ्याशी भांडून कोण जिंकलंय?

फिटनेसच्या आधीच्या शनिवारी दुपारी मी भोसरीला गेले. जेवणं झाली. अण्णांना खुर्चीत बसवलं, समोर मी स्टूल घेतलं. कंपनीत घेते तसंच. वहीच्या कागदावर अकरा प्रश्न लिहून नेले होते.

"अण्णा, मी डॉक्टर. आज वार कोणता?"

"आज… रविवार?"

"शनिवार. पण त्या दिवशी गुरुवार असेल. गुरुवार म्हणायचं. महिना? साल? हॉस्पिटलचं नाव? कुठला गुडघा? वय किती? ह्याआधी ऑपरेशन झालंय का? विसरायला होतं का?"

"व्हय, आताशा लई—"

"नाही! असं नाही म्हणायचं. म्हणायचं, 'वयाप्रमाणे थोडंफार.'"

ह्या उत्तरावर मी खूश होते. 'अजिबात नाही' म्हटलं की ऑडिटरला संशय येतो. 'थोडंफार' म्हटलं की तो मान हलवतो आणि पुढं सरकतो. तेरा वर्षांचा अनुभव माझा.

अण्णांनी चार-पाचदा चुकीचं सांगितलं. मग थांबले. गुडघ्यावर हात फिरवत म्हणाले, "रश्मे, त्यास्नी सांगूनच टाकू ना. माझं डोकं आताशा धरत न्हाई. डॉक्टर मानूस हाय, समजून घेतील की."

ज्या माणसानं एकतीस वर्षांत मापाचा एक आकडा अंदाजानं लिहिला नाही, तो मला हे सांगत होता. आणि मी काय म्हटलं? मी आवाज चढवला. "अण्णा, गुडघा करायचाय ना? खाली कट्ट्यावर जायचंय ना? मग मी सांगते तेवढंच बोलायचं. डोकं चालवू नका."

"बरं बाई," म्हणाले. आणि शाळेतल्यासारखे सरळ बसले. आई आत भांडी घासत होती, नळाच्या आवाजात तिला आमचं बोलणं नीट ऐकू गेलं नाही. निघताना तिला कागद वाचून दाखवला, म्हटलं, "गुरुवारपर्यंत रोज घे त्यांच्याकडून." आईला वाचता येत नाही, पण ऐकलेलं तिच्या डोक्यात जसंच्या तसं राहतं.

गुरुवारी हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये मी औषधांची पिशवी उघडली. बीपीची पट्टी होती, आम्लपित्ताची होती. विसरायची गोळी काढून मी माझ्या पर्समध्ये टाकली. हे काही घाईगडबडीत झालं नाही. विचार करून केलं.

भुलीच्या डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान असतील. डोळ्यांखाली काळं, टेबलावर गार झालेला चहा. आधी एक फॉर्म भरायला दिला. दमा आहे का, फिट येतात का, पूर्वी भूल दिली होती का. मधे एक ओळ होती: विसरणे, गोंधळणे, वागण्यात बदल. आणि बघा हाताची सवय. मी वरून खालपर्यंत एका दमात 'नाही'च्या चौकोनांत खुणा केल्या. त्या ओळीवर पेन अडखळलंसुद्धा नाही. खाली सही केली. नातं, मुलगी.

"काका, आज वार कोणता?"

"गुरुवार, मॅडम." रिक्षात मी तीनदा सांगितलं होतं.

साल आलं, महिना आला. कुठला गुडघा म्हटल्यावर त्यांनी डाव्यावर थाप मारली.

"विसरायला वगैरे होतं का?"

"वयाप्रमाणे थोडंफार."

बाई हसल्या. "ते तर मलाही होतं," म्हणाल्या आणि सही केली. बाहेर आल्यावर मी अण्णांच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास अण्णा! पास!" अण्णा इतके खूश झाले की त्यांना चहाबरोबर क्रीमरोल हवा झाला. दोन खाल्ले. मीही एक खाल्ला.

मंगळवारी ऑपरेशन झालं, चांगलं झालं. पहिल्या रात्री त्यांना आत देखरेखीत ठेवलं, घरच्यांना सोडत नाहीत. आम्ही बाहेर. सकाळी आत गेलो तर अण्णांचे दोन्ही हात पलंगाच्या दांड्यांना पट्टीनं बांधलेले. रात्री सलाईन उपसून काढलं म्हणे, उतरायला बघत होते, मशीन बंद करा म्हणून ओरडत होते. शांत व्हायला इंजेक्शन दिलं होतं. चष्मा पिशवीत होता, आणि पिशवी आमच्याकडे.

आई पुढं झाली. "अवं, मी हाय."

अण्णांनी तिच्याकडे बघितलं. कपाळाला आठ्या घालून, नीट बघितलं. "बाई, माझी सुट्टी झाली का?"

आई हसली. "भूल उतरली न्हाई अजून," मला म्हणाली.

दुपारी त्या डॉक्टरीणबाई मला शोधत आल्या. बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, नीट आठवून सांगा. आधीपासून काही होतं का? आठवणीचा त्रास असलेल्या पेशंटना ऑपरेशननंतर असं जास्त होतं. तसं असेल तर मी औषधं बदलते, झोपेची इंजेक्शनं टाळते, आईंना सतत जवळ बसू देते. होतं का काही?"

ऑपरेशनला दीड दिवसही झाला नव्हता. पर्स माझ्या खांद्याला होती, गोळीची पट्टी पर्समध्ये. तोंड उघडायचं, एवढंच काम. पण फॉर्मवर माझी सही होती. मागं बाकावर आई बसलेली. मला वाटलं, आता सांगितलं तर ही बाई सगळ्यांसमोर माझी लाज काढेल. ओरडेल, लिहून घेईल, काय काय करेल. आणि बापाचा जीव टांगणीला लागलेला असताना मी स्वतःची अब्रू बघितली.

"वयाप्रमाणे थोडंफार," मी म्हटलं.

त्या बाई क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग "बरं" म्हणून गेल्या.

ह्याला आता चार महिने झाले. गुडघा झकास आहे. हाडांचे डॉक्टर दुसऱ्या पेशंटांना बोलावून दाखवतात, काकांची चाल बघा. चालतात तर अण्णा दिवसभर. स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत, गॅलरीपासून दारापर्यंत. दाराला आतून वर कडी बसवून घेतलीय, त्यांचा हात पोहोचणार नाही अशी. एकदा ती लावायची राहिली तर तीन जिने धडधड उतरून गेले. कट्ट्यावर बसले नाहीत. कट्टा ओलांडून सरळ हायवेपर्यंत गेले. दोन तासांनी सापडले. गुडघा दुखत होता तेव्हा निदान घरात तरी होते, असं आई एकदा बोलून गेली आणि मग तिचं तिलाच वाईट वाटलं.

घास भरवला तर खातात. अंघोळीला घाबरतात. मला कधी ओळखतात, कधी सुपरवायझर समजतात. गोळी घरी आल्यावर परत चालू केली, काही फरक नाही. आणि ती हाक बंद झाली. चार महिन्यांत एकदाही नाही. आई रोज सकाळी चहा घेऊन समोर बसते, विचारते, "मी कोन?" अण्णा अदबीनं हात जोडतात. "जय भीम ताई. बसा की." पाहुण्या बाईला म्हणावं तसं. आई म्हणते, बसते. चहा पाजते. मग गॅलरीत जाऊन वाळत घातलेले कपडे उगाच परत परत झटकत उभी राहते.

पिंपरीच्या डॉक्टरांकडे मी अण्णांना परत नेलं. त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला, "ऑपरेशनआधी सांगितलं होतंत ना?" आई बाहेर होती. मी नाही म्हटलं. सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता बोलतील. पण ते सावकाश म्हणाले, "सांगितलं असतं तर हे झालंच नसतं, असं मी म्हणणार नाही. कितीही जपलं तरी काहींचं होतं. पण जपता आलं असतं. कदाचित मीच म्हटलं असतं, गुडघा राहू द्या."

कदाचित. शिव्या घातल्या असत्या तर त्या खाऊन मी मोकळी झाले असते. ह्या कदाचितचं काय करायचं? कंपनीत माझ्या हातून चुकीचा पार्ट गेला तर कुठल्या खोक्यातून गेला तेवढं तरी सापडतं.

आईनं मात्र तिच्यापुरता निकाल लावला होता. "त्या पोरीनं भूल जास्त दिली." येणाऱ्याजाणाऱ्याला हेच. माझा आतेभाऊ ज्ञानेश, त्याची नगरसेवकाकडे ऊठबस आहे, तो पेटला. "मामी, सोडायचं नाही. अर्ज करू. त्या डॉक्टरीणबाईचं लायसनच घालवू." गेल्या रविवारी आईनं मला बोलावून घेतलं. टेबल पुसून ठेवलं होतं, कोरे कागद, पेन.

"बस. चांगल्या मराठीत लिही. तुला येतंय," आई म्हणाली. अण्णा आमच्या मागून फेऱ्या घालत होते. "लिही. माझा नवरा चालता-बोलता आत गेला. माझं नाव घेत घेत आत गेला. कस्तुरा, कस्तुरा, कस्तुरा. मी सोता ऐकलंय. आन् भायेर आला तर मी कोन, त्येला ठावं न्हाई. त्या बाईनं काय केलं आत, ते आमाला सांगावं."

मी 'माननीय' एवढं लिहिलं. पुढं पेन जाईना. ती गार चहा समोर घेऊन बसलेली पोरगी, तिनं मला दोनदा विचारलं होतं. दोनदा. तिच्यावर हा कागद जाणार, माझ्या अक्षरात.

"आई, हा अर्ज मला लिहिता येणार नाही."

"का?"

"त्या बाईंची चूक नाही. त्यांना माहीतच नव्हतं. अण्णांचं विसरणं मी लपवलं. फॉर्मवर खोटं लिहिलं, गोळी पर्समध्ये लपवली. ऑपरेशननंतर त्यांनी परत विचारलं, तेव्हाही खोटं बोलले. ऑपरेशन लांबेल म्हणून. माझी सुट्टी जाईल म्हणून." एवढं बोलेपर्यंत मला रडू फुटलं होतं. "आई, मी केलंय हे."

अण्णांच्या दोन फेऱ्या झाल्या. मला वाटलं, आता मारेल. लहानपणी मारायची तशी, हातात येईल त्यानं. मी खरंच वाट बघत होते.

"मंग ते प्रश्न?" ती म्हणाली. "वार कोनता, साल कोनतं?"

"डॉक्टरांना कळू नये म्हणून."

"मला वाटलं डोक्याची कसरत हाय. गुडघ्याची असती तशी. डॉक्टरनंच दिली आसंल." ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती. "मी रोज घ्यायची. भाकरी थापता थापता घ्यायची. बरोबर सांगितलं की मला लई बरं वाटायचं. म्हनायची, सुधारतंय मानूस." मग तिनं मान वर केली. "म्हंजी मी बी त्यांच्याकडनं खोटंच घोटून घेतलं व्हय गं?"

"नाही आई. तुझं काही नाही त्यात. तुला माहीत नव्हतं."

"पन घेतलं मीच ना."

मी शिव्या खायला बसले होते. तिनं माझ्या पापाचा अर्धा वाटा उचलला आणि पदरात बांधला. मी कितीही नाही म्हटलं तरी आता ती तो सोडणार नाही, मला माहीत आहे. ह्यापेक्षा तिनं मला घराबाहेर काढलं असतं तर बरं.

मग ती म्हणाली, "तू बोललीस म्हनून सांगते. न्हाईतर सांगनार नव्हते. त्या मंगळवारी सकाळी, त्यास्नी आत न्यायला गाडी आली तवा तू खाली औषधं आनायला गेली व्हतीस. त्यांनी माझा हात धरला. म्हनले, 'तुमचं नाव काय वं?' मला वाटलं, चेष्टा करत्यात. मंग त्यांचं त्यास्नीच कळलं. आसं घाबरले, आसं घाबरले गं. डोळं भरून आलं. मी म्हनलं, भीतीनं झालं आसंल. मी सांगितलं, कस्तुरा. तर म्हनले, 'पोरीला सांगू नगं. तिनं एवढी मेहनत घेतली. तिला वाटंल, तिचं शिकवन्यात कुठं कमी पडलं.' आन् मंग ते नाव म्हनत म्हनत आत गेले. तू सांगितलंवतंस तसं. घोटत."

मी तो अकरा प्रश्नांचा कागद त्या दिवशी घरी जाऊन शोधला. सापडला. वार होता, महिना होता, साल होतं. हॉस्पिटलचं नाव होतं, डॉक्टरांचं नाव होतं. आईचं नाव नव्हतं. ते कोण विचारणार, म्हणून मी ते घेतलंच नव्हतं.